सूर्याच्या उलट

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "रोली वेंट्झेल, असल्या नौकेवर तू काय करत होतास?" असं विचारायला नको. इंजिन बघत होतो. इंजिन बघायला धीर लागत नाही, कान लागतात, आणि घाबरट माणसाचे कान फार तिखट असतात.

नौका चाचणीची होती. कागदावर तिला नुसता नंबर होता, आम्ही तिला पेट्रेल म्हणायचो. पेट्रेल पक्षी लाटांवर पाय टेकत चालल्यासारखा उडतो, तशीच ही. तिच्या पोटाखाली पोलादाचे पंख होते. वेग आला की पाणीच त्या पंखांना उचलून धरायचं आणि अख्खी नौका वर यायची, पाण्यात राहायचे फक्त पाय आणि पंख. पुढे एक छोटा पाय, मागे दोन मोठे, एक डावा आणि एक उजवा. शत्रूच्या पाणबुडीमागे धावायला असलंच जनावर हवं, असं वरच्या साहेबांचं म्हणणं होतं.

कल्पना काही आजची नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी आमच्याच नोव्हा स्कोशियात, केप ब्रेटनच्या खाऱ्या तळ्यावर, शिडीसारखे पंख लावलेली एक होडी सुसाट धावली होती. मोठमोठे लोक येऊन बघून गेले, वाहवा केली आणि विसरले. आता पुन्हा जगाला पंख फुटले होते. रशियन लोक नद्यांवरून आणि इटालियन लोक सामुद्रधुनीतून असल्या बोटींत बसून बाजाराला जात होते. आम्हाला मात्र उघड्या अटलांटिकच्या लाटांवर उडायचं होतं, आणि ते कसं जमतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधून काढायलाच आम्ही होतो. एखादी गोष्ट मोडते का हे बघायला माणसं आत बसवतात, त्या माणसांतला मी एक. रोज सकाळी धक्क्यावरची फळी चढताना मी कठडा दोन्ही हातांनी धरायचो.

माझी जागा मागच्या खोलीत, बरोबर मोठ्या पायांच्या वर. दोन्ही बाजूंना एकेक गोल काच. समोर इंजिनियर ऑर्चर्ड बसायचा, तरुण, समुद्रापासून लांबच्या ऑन्टॅरिओचा, स्वभावाने गोड. त्याच्यापुढे काट्यांच्या तबकड्या होत्या. पायावर किती ताण येतो ते मोजणाऱ्या बारीक तारा त्याने उजव्या पायावर चिकटवल्या होत्या. डाव्यावर नाहीत. दोन्ही पाय एकाच मापाचे, एकाच पोलादाचे. एक मोजला की दुसरा मोजल्यासारखाच. ह्यात चूक काढायला मलाही काही सापडलं नव्हतं.

आणि पुढे, सुकाणूवर, बेसिल कॉर्कम. माझ्या बायकोचा थोरला भाऊ.

बेसिलसारखे हात मी कुणाचे पाहिले नाहीत. साठ नॉटच्या वेगात, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, तो त्या जनावराला दोन बोटांनी वळवायचा. पण त्याचं एक होतं. हलकंसं डावीकडे घ्यायचं असेल तर घेईल, पण नाव गर्रकन फिरवायची म्हटलं की उजवीकडे. म्हणजे सूर्य आकाशात जसा फिरतो तशी. लुनेनबर्गच्या किनाऱ्यावर जन्मलेला कुठलाही माणूस नाव सूर्याच्या उलट फिरवत नाही. डेकवर शिट्टी मारत नाही, डुकराचं नाव काढत नाही आणि राखाडी मोजे घालत नाही; हे सगळे अपशकुन. बेसिल रजेवर असला की सुकाणू धरणारा मोशरही आमच्याच बाजूचा, तोही तसाच. चाचणीच्या कागदावर नुसतं "जोरात वळण" असं लिहिलेलं असे. कुठल्या बाजूला, ते लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं. आमचा कमांडर प्रिंगल सॅस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतातला. त्याला वाटायचं, वळण म्हणजे वळण.

मी बेसिलची थट्टा करायचो. "तू घरी जिनाही सूर्याबरोबरच चढतोस काय रे?"

"तू चढ उलटा," तो म्हणायचा, "आणि पड. व्हर्नाला दुसरा नवरा बघून देतो."

पण ह्या थट्टेलाही एक हद्द होती. बेसिलचा बाप स्कूनरचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या मासेमारी जहाजाचा, कप्तान होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, निघायच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं आणि छोटा बेसिल पिंपावर उभा राहून हात हलवत होता. त्याच्या डोळ्यांदेखत बापाने स्कूनर धक्क्यापासून सोडवली आणि फिरवली ती डावीकडे. बेसिल पळत घरी गेला आणि आईला म्हणाला, "बाबा सूर्याच्या उलट वळले." ऑगस्टच्या वादळात ती स्कूनर गेली, माणसांसकट. मग पोराचं ते वाक्य गावभर झालं. बाकीच्या विधवा कित्येक वर्षं चर्चमध्ये माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या नाहीत. सासूबाई तरी काय करतील? त्यांनी नवऱ्याचा फोटो उतरवून ठेवला आणि त्याचं नाव टाकलं. बोलायची वेळ आलीच तर "तो" म्हणायच्या.

ऑक्टोबरात मला ती टकटक ऐकू यायला लागली.

उड्डाण संपून नौका पाण्यावर बसायची, तेव्हा डाव्या पायातून. टक. मग थोडं थांबून, टक. पोकळ नळात पाणी हललं की येतो तसला आवाज. पाय आतून पोकळच होते, पण त्यांत पाणी असायचं काही कारण नव्हतं. मी ऑर्चर्डला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने पाणबुड्याला खाली पाठवलं. पाणबुड्या वर आला आणि म्हणाला, रंगाचा टवकाही उडालेला नाही.

ऑर्चर्डने मला काटे दाखवले. "बघ रोलंड, ताण निम्म्याच्या वर कधी गेलेलाच नाही. आकडे शांत झोपलेत. तूही झोप."

मला झोप कसली येते! रविवारी आम्ही सगळे सासूबाईंकडे जेवायला होतो. सॉरक्राउट, म्हणजे चिरून आंबवलेला कोबी, उकडलेले बटाटे आणि पुडिंगचं सॉसेज. एरवी मी त्या सॉसेजवर आडवा हात मारतो. त्या दिवशी ते ताटात तसंच पडून होतं.

"ह्याला काय झालंय?" बेसिलने विचारलं.

"ह्याला टकटक ऐकू येते," व्हर्ना म्हणाली. तिचे दिवस भरत आले होते, खुर्चीत मावत नव्हती. "कालपासून भिंतीला कान लावून बसतो. उद्या जाऊ नकोस म्हणते, तर ऐकत नाही."

"न जाऊन कसं चालेल?" मी म्हणालो. "बेसिल, खरं सांगतो, तो डावा पाय मला बरा वाटत नाही."

"तुला कुठला पाय बरा वाटतो? तू आमच्या कोंबड्यांना भितोस."

"त्या कोंबड्या चावतात."

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला आणि बेसिलकडे बघून म्हणाल्या, "हा घाबरट आहे म्हणून घरी परत येतो. तो घाबरत नव्हता."

काट्याचमच्यांचे तेवढे आवाज येत राहिले.

सोमवारी सकाळी हवा लख्ख होती. दूर समुद्रावर धुक्याची एक पांढरी भिंत उभी होती, पण आम्हाला तिच्यापर्यंत जायचं नव्हतं. भर वेगात लाटांवर जोरात वळणं घ्यायची, एवढंच काम. बंदराबाहेर पडलो, इंजिनाचा आवाज चढला आणि पेट्रेल पाण्याबाहेर आली. लाटांचे धक्के थांबले की मला दर वेळी वाटायचं, आपल्या पायाखालची जमीन कुणीतरी काढून घेतली. मी पट्टा घट्ट केला आणि डाव्या काचेला नाक लावलं.

"पहिलं वळण," कानात कमांडरचा आवाज आला. "जोरात."

बेसिलने उजवीकडे घेतली. नौका डाव्या अंगावर दाबली गेली. माझ्या खाली डावा पाय पाण्यात खोल रुतला, आणि त्या पायावर, पाण्याच्या जरा वर, मला एक काळी रेघ दिसली. आधी वाटलं काचेवर केस चिकटलाय. पुसून बघितलं, रेघ तिथेच. माझ्या डोळ्यांसमोर ती रुंद होत गेली, बोट जाईल इतकी, आणि तिच्यातून पाण्याची चिळकांडी उडाली. वळण संपलं, नौका सरळ झाली आणि रेघ मिटली. जणू काही झालंच नाही.

मी ऑर्चर्डची बाही धरून त्याला काचेपाशी ओढलं.

"काय आहे?" तो म्हणाला. "काटा शांत आहे."

"तुझा काटा खड्ड्यात घाल! खाली बघ!"

त्याने बघितलं. मिटलेली असली तरी रेघ दिसत होती, पायाच्या निम्म्याहून जास्त रुंदीवर. तिच्यातून पाणी ओघळत होतं. ऑर्चर्डचा चेहरा उतरला. तो काट्यांकडे वळला, पुन्हा खाली बघितलं, पुन्हा काट्यांकडे.

"हे शक्य नाही," तो पुटपुटला. "दोन्ही पायांवर सारखाच... रोलंड, आपण जोरात वळतो तेव्हा कुठे वळतो?"

"उजवीकडे."

"दर वेळी?"

"दर वेळी. सूर्याबरोबर." बोलताना माझं मलाच कळलं. उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्यावर. पहिल्या दिवसापासून सगळी वळणं ह्या एकट्या पायाने सोसली होती, आणि आम्ही नाडी बघत होतो ती दुसऱ्याची. किनाऱ्याच्या आम्हा माणसांना ह्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि ऑर्चर्डला विचारण्यासारखं. आपण श्वास घेतो हे कोण कुणाला सांगतं?

ऑर्चर्डने माईक तोंडाशी ओढला. "कमांडर, डावा पाय तडकलाय. खाली उतरवा. हळूहळू, सरळ रेषेत. जोरात वळू नका, उजवीकडे तर मुळीच नको."

"समजलं," प्रिंगल म्हणाला. त्याचा आवाज स्थिर होता. त्या वेळी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. "वेग उतरवतोय. सगळ्यांनी धरून बसा."

पण उडती नौका दगडासारखी खाली टाकता येत नाही. वेग उतरत जाईल तशी ती बसते, आणि तोवर ती धावतच असते. इंजिनाचा आवाज उतरू लागला. मी रेघेवरून नजर काढली नाही. मनात व्हर्नाचा चेहरा आला आणि लगेच तिच्या पोटातल्या बाळाचा, जो मी पाहिलेलाही नव्हता. त्या वेगात एक पाय गेला तर नौका नुसती बसत नाही, ती पाण्यावर आपटून उलटी होते. मागच्या खोलीला एकच दार होतं.

तेवढ्यात कानात प्रिंगल ओरडला. "समोर डोरी! माणसं आहेत! वळव!"

मागाहून कळलं ते असं. सरळ रेषेत जाता जाता धुक्याची भिंत जवळ आली होती, आणि तिच्या कडेतून वल्ह्यांची एक लाकडी डोरी बाहेर पडली, बरोबर नाकासमोर. एवढीशी लाकडी होडी रडारवर दिसत नाही. आत दोन माणसं, उभी राहून हात हलवत होती.

मला तेव्हा डोरी दिसत नव्हती. मला दिसत होता फक्त डावा पाय, आणि मला बेसिल ठाऊक होता. विचार करायला वेळ नसला की माणसाचे हात स्वतःहून चालतात, आणि त्या हातांना चाळीस वर्षांत एकच बाजू माहीत होती.

"डावीकडे!" मी किंचाळलो. साहेब ऐकताहेत, माईकवर असं ओरडायचं नसतं, कसलंही भान राहिलं नाही. "बेसिल, डावीकडे! उजवीकडे घेतलीस तर मेलो! व्हर्नाची शपथ आहे तुला, डावीकडे घे!"

कानात बेसिलचा श्वास तेवढा ऐकू आला. तो क्षण किती लांब होता ते मला सांगता येणार नाही. आजही कधी दुपारी डोळा लागला की मी त्याच क्षणात अडकतो आणि घामाने भिजून उठतो.

मग नौका उजव्या अंगावर झुकली.

माझ्या काचेतून समुद्र खाली गेला आणि आकाश समोर आलं. डावा पाय पाण्यातून उचलला गेला, रेघ घट्ट मिटली, आणि सगळा भार उजव्या पायावर गेला. ऑर्चर्डचे झोपलेले काटे एकदम उठून पार टोकाला भिडले. उजव्या काचेसमोरून दोन उघडी तोंडं आणि एक पिवळा रेनकोट सर्रकन मागे गेला. मग नौका सरळ झाली, वेग उतरला, पोट पाण्याला टेकलं. आणि टेकता टेकताच खालून कडाड् असा आवाज आला आणि डावा पाय तुटून समुद्राच्या तळाशी गेला. पेट्रेल एकदा जोरात डुलली आणि तरंगत राहिली, नुसत्या होडीसारखी.

मी पट्टा काढला आणि तिथेच ओकलो. ऑर्चर्ड माझी पाठ चोळत होता आणि स्वतः रडत होता.

मी सरपटत पुढे गेलो. बेसिल सुकाणूला धरून बसला होता. प्रिंगल त्याला म्हणत होता, "शाबास, कॉर्कम. सोड आता, झालं." पण बेसिलची बोटं सुटत नव्हती. मी एकेक बोट उलगडून सोडवलं. हात बर्फासारखे गार पडले होते.

"वळलो रे मी," तो म्हणाला. "उलटा वळलो."

"म्हणून तर जिवंत आहोत, गाढवा."

एवढ्यात खालून शिव्या ऐकू आल्या. डोरी वल्ही मारत आमच्यापाशी आली होती. आम्ही डेकवर गेलो. डोरीत एक तरुण पोरगा होता, पांढराफटक पडलेला, आणि पिवळ्या रेनकोटातला एक म्हातारा. म्हाताऱ्याने वल्हं उगारलं होतं आणि सुकाणूवर कोण होतं असं तो ओरडत होता. "मी," बेसिल म्हणाला, आमच्या किनाऱ्याच्याच बोलीत.

"डोळे फुटले होते का रे? बुडवत होता आम्हाला!" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो आणखीच भडकला. "आणि वळलास कसा? सूर्याच्या उलट! मी माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं! ह्या किनाऱ्याचा असून लाज नाही वाटत? कुणाचा रे तू?"

बेसिल कठड्याशी गेला. "ॲल्विन कॉर्कमचा."

म्हाताऱ्याचं वल्हं खाली आलं. त्याने बेसिलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तरीच!" तो म्हणाला, आणि पाण्यात थुंकला.

मी त्याला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं होतं. त्याला ओरडून सांगणार होतो की अरे म्हाताऱ्या, तू जिवंत आहेस तो ह्याच्या त्या वळण्यामुळे, पाण्याखाली काय तुटत होतं ते तुला कुठून दिसणार! पण माझं लक्ष बेसिलच्या तोंडाकडे गेलं आणि मी गप्प बसलो. तो म्हाताऱ्याकडे बघत नव्हता. तो कुठेतरी फार लांब बघत होता.

आम्हाला ओढून न्यायला टग आली, तोवर तो कठड्याशीच उभा होता. बंदरात शिरताना हळूच म्हणाला, "रोली, त्या म्हाताऱ्याला काय दिसलं?"

"तू डावीकडे वळलास एवढंच."

"हो," तो म्हणाला. "एवढंच."

घरी जायच्या आधी त्याने मला सासूबाईंकडे नेलं. मला खरं तर व्हर्नाकडे धावायचं होतं, पण त्याने माझी बाही सोडली नाही. सासूबाई स्वयंपाकघरात कोबी चिरत होत्या. बेसिल ओल्या बुटांनीच आत गेला आणि एवढा मोठा माणूस त्यांच्यासमोर पोरासारखा उभा राहिला.

"आई, मी आज सूर्याच्या उलट वळलो."

सुरी थांबली. सासूबाईंच्या तोंडावर जी भीती आली ती मला बघवली नाही.

"वळावंच लागलं. खाली पाय तुटत होता. लांबून कुणाला ते दिसलं नसतं. एक म्हातारा होता, त्यालाही नाही दिसलं." त्याने टेबलाची कड धरली. "आई, मी तेव्हा पिंपावर उभा होतो. मला नाव दिसली. नावेखाली काय होतं, पलीकडून कोण येत होतं, दोर कुठे अडकला होता, मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मी फक्त डावीकडे वळली ते बघितलं आणि पळत सुटलो."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार, आणि मी खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत.

"काय असेल रे मग?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आई. ते आता कधीच कळणार नाही."

त्यांनी मान हलवली. सुरी उचलली आणि पुन्हा कोबी चिरायला लागल्या, अगदी बारीक. डोळ्यांतलं पाणी कोबीवर पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ॲल्विनला असाच बारीक लागायचा," त्या म्हणाल्या.